तीन दिवसांची पहिली मुंबई: सोमवार सोडा, शुक्रवार धरा

पत्र: "आम्ही परभणीचे. नाताळच्या सुट्टीत पहिल्यांदाच मुंबई बघायला निघालोय. मी, हे, सासूबाई (वय ६८, गुडघे दुखतात), मुलगा बारा वर्षांचा आणि मुलगी सात वर्षांची. शनिवारी सकाळी पोचून सोमवारी रात्रीच्या गाडीने परत यायचं आहे. बदलापूरला चुलत नणंदेचं घर आहे, तिथेच उतरणार, म्हणजे लॉजचा खर्च वाचेल. गेटवे, घारापुरी, राणीबाग, म्हातारीचा बूट, तारापोरवाला मत्स्यालय, सिद्धिविनायक, महालक्ष्मी, हाजी अली, जुहू, नॅशनल पार्क, एस्सेल वर्ल्ड अशी सतरा ठिकाणांची यादी केलीय. सोमवार घारापुरीसाठी ठेवलाय. लोकलची मात्र धास्ती वाटते. एवढं सगळं बसेल का?"
– परभणीहून एक वाचक

ताई,

नाही बसणार. पण ठिकाणे जास्त झाली ही तुमची मोठी अडचण नाही. मोठी अडचण बदलापूर आणि सोमवार ही आहे.

आधी बदलापूर. मुंबई ही उत्तर-दक्षिण पसरलेली लांब पट्टी आहे. तुमच्या यादीतली निम्म्याहून जास्त ठिकाणे या पट्टीच्या दक्षिण टोकाला आहेत आणि तुम्ही उतरणार त्या टोकापासून रुळाने जवळजवळ सत्तर किलोमीटरवर. एका फेरीला जलद लोकलनेही दीड तासाच्या आसपास धरा. घर ते स्टेशन, तिकीट आणि पूल चढणे-उतरणे मिळवले की रोजचे चार तास प्रवासातच जातात. तोही चुकीच्या दिशेने. मुंबईची गर्दी सकाळी साडेसात ते अकरा दक्षिणेकडे वाहते आणि संध्याकाळी पाच ते नऊ उत्तरेकडे. बदलापूरहून सकाळी निघून संध्याकाळी परतणारा पाहुणा दोन्ही वेळा नोकरदारांच्या लोंढ्यात सापडतो. सीएसएमटीजवळ (म्हणजे दक्षिण टोकाच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या स्टेशनाजवळ) राहणारा दोन्ही वेळा उलट्या दिशेने जातो आणि त्याला बसायलाही जागा मिळते. लोकलची तुमची धास्ती निम्मी इथेच मिटते.

तेव्हा दोन रात्री सीएसएमटी, फोर्ट किंवा त्याच्या आसपास लॉज घ्या. खर्च वाढेल हे खरे. पण पाच माणसांचे रोजचे हाल आणि सासूबाईंचे गुडघे यांच्याशी ताडून पाहिले तर तो जड वाटणार नाही. नणंदेकडे जायचेच आहे, फक्त शेवटी. ते कसे, ते पुढे सांगते.

आता सोमवार. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. बोरिवलीचे नॅशनल पार्क आणि त्यातल्या कान्हेरी लेण्याही सोमवारीच बंद. वरळीचे नेहरू तारांगणही. म्हणजे तुमचा सगळ्यात महत्त्वाचा दिवस कुलपासमोर उभे राहण्यात जाईल. राणीबाग आणि तिच्या शेजारचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असते, त्याचा तुम्हाला या खेपेस त्रास नाही. मंगळवार कधी मधे आला तर सिद्धिविनायक टाळा, त्या दिवशीची रांग लहान मुलांना घेऊन उभे राहण्यासारखी नसते.

उपाय सोपा आहे. शनि-रवि-सोमऐवजी शुक्र-शनि-रवि करा. ऑफिसची रजा तितकीच पडते, सोमवारऐवजी शुक्रवारची. २५ डिसेंबर ते १ जानेवारी हा आठवडा शक्यतो नको. त्या काळात लॉजचे भाव चढलेले असतात आणि गेटवेच्या परिसरात पाय ठेवायला जागा नसते. डिसेंबरचा दुसरा किंवा तिसरा आठवडा जमला तर उत्तम. पहिल्या आठवड्यात ६ तारखेला चैत्यभूमीवर महापरिनिर्वाण दिनासाठी लाखो लोक येतात. तुम्हाला अभिवादनालाच जायचे असेल तर तो दिवस वेगळा. फिरायला म्हणून जाणार असाल तर ४ ते ७ डिसेंबर दादर आणि आसपासचा भाग सोडून द्या.

रेल्वेचे आरक्षण सध्या ६० दिवस आधी उघडते. परभणीहून रात्री निघून सकाळी सीएसएमटीला पोचणारी देवगिरी तुमच्या सोयीची. दिवसा धावणारी तपोवन घेतली तर एक अख्खा दिवस गाडीतच जातो. पाचही जणांचे एकच तिकीट काढू नका. ज्येष्ठांसाठीचा लोअर बर्थचा कोटा तिकिटावर एक किंवा दोनच माणसे असतील तर लागू होतो. मोठ्या कुटुंबाच्या तिकिटात आजींना वरचा बर्थ आला की रात्रभर अदलाबदलीच्या विनवण्या कराव्या लागतात. सासूबाईंचे तिकीट वेगळे काढा आणि बाकी चौघांचे वेगळे. डबा वेगळा येऊ नये यासाठी दोन्ही तिकिटे एकाच बैठकीत काढा.

लॉज ठरवताना फोनवर विचारायच्या गोष्टी: लिफ्ट आहे का, आणि ती तुमच्या मजल्यापर्यंत येते का (फोर्टातल्या जुन्या इमारतींत लिफ्ट पहिल्या जिन्यानंतर सुरू होते असे सर्रास असते). संडास-बाथरूम खोलीतच आहे का, आणि कमोड आहे का. पाच जणांना एक खोली देतात की दोन घ्यायला लावतात, जादा गादीचे किती. आणि चेक-आउट बारा वाजताचा की चोवीस तासांचा. हा शेवटचा प्रश्न विसरू नका. सकाळी पोचलात आणि खोली दुपारी बारालाच मिळणार असेल, तर मधले तास कुठे काढायचे हा प्रश्न उभा राहतो. त्यावर तोड म्हणजे सीएसएमटीची क्लोक रूम. तिथे सामान ठेवायला प्रवासाचे तिकीट दाखवावे लागते आणि बॅगेला कुलूप असावे लागते. चेन असलेल्या पिशवीला परभणीहूनच छोटे कुलूप लावून आणा. नुसती नाडीची पिशवी घेत नाहीत. सगळ्या मोठ्यांची ओळखपत्रे आणि त्यांच्या झेरॉक्स जवळ असू द्या.

शुक्रवार. रात्रभर गाडीत झोप नीट झालेली नसते, म्हणून पहिला दिवस पायी, जवळचा आणि आखूड ठेवा. सुरुवात ज्या स्टेशनात उतरलात त्याच्यापासूनच. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने आराखडा केलेली ही इमारत १८७८ ते १८८७ अशी दहाएक वर्षे बांधत होते, आणि २००४ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. बहुतेक पाहुणे आतून टॅक्सी पकडून निघून जातात आणि तिचे तोंडही पाहत नाहीत. रस्ता ओलांडून महापालिकेच्या इमारतीच्या बाजूला उभे राहा, तिथून सगळा दर्शनी भाग दिसतो. फाटकावर एका खांबावर सिंह आणि दुसऱ्यावर वाघ आहे, सिंह ब्रिटनचा आणि वाघ हिंदुस्थानचा. मुलांना दगडात कोरलेले प्राणी शोधायला सांगा. अर्धा तास ती स्वतःहून मान वर करून फिरतील.

तिथून दादाभाई नौरोजी रस्त्याने हुतात्मा चौक साधारण एक किलोमीटर. दुकानांपुढच्या कमानींखालून सावलीतच चालता येते. चौकात फ्लोरा फाउंटन आणि संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचे स्मारक शेजारी-शेजारी आहेत. मुलगा बारा वर्षांचा आहे, त्याला १ मे १९६० आणि त्याआधीची चळवळ सांगायला यापेक्षा चांगली जागा नाही. पुढे ओव्हल मैदानाच्या मधोमध उभे राहिले की पूर्वेला हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवरची दगडी गॉथिक रांग, पश्चिमेला १९३०-४०च्या दशकांतल्या गोल कोपऱ्यांच्या आर्ट डेको इमारती. दोन्ही रांगा मिळून २०१८ साली जागतिक वारसा ठरल्या. सासूबाईंना एवढे चालवू नका. त्यांना आणि मुलीला घेऊन एकाने टॅक्सीने थेट छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जावे, बाकीच्यांनी चालत तिथे पोचावे.

संग्रहालय सकाळी सव्वादहाला उघडते आणि संध्याकाळी सहाला बंद होते. सगळे बघायच्या फंदात पडू नका. शिल्पदालन, लघुचित्रे, शस्त्रे आणि पशुपक्ष्यांचे दालन एवढे दीड-दोन तासांत होते, आणि त्यापुढे मुलांचे लक्ष राहत नाही. आवारात बसायला झाडाखाली जागा आहे. तोपर्यंत लॉजची खोली मिळालेली असेल. जेवून दोन तास सगळ्यांनी झोपायचे. ही झोप वेळापत्रकात लिहूनच ठेवा, नाहीतर "एवढ्या लांब आलोय तर" म्हणत कुणीतरी ती खाऊन टाकते आणि रात्री त्याची किंमत मुलांच्या रडण्यात मोजावी लागते.

संध्याकाळी पाचच्या सुमारास मरीन ड्राइव्ह. डिसेंबरात मुंबईत सूर्य सहा वाजून काही मिनिटांनीच मावळतो, त्यामुळे सहानंतर पोचलात तर अंधारच बघाल. चर्चगेट ते नरिमन पॉइंट या टोकाला बसा. हिवाळ्यात सूर्य नैऋत्येकडे सरकलेला असतो, तिथून तो सरळ समुद्रात बुडताना दिसतो. उन्हाळ्यात त्याच जागेवरून तो मलबार हिलच्या आड जातो.

शनिवार घारापुरीचा. गेटवेवरून पहिली बोट सकाळी नऊच्या सुमारास सुटते. तीच धरा, म्हणजे साडेआठला गेटवेवर. तिथे बॅगा तपासतात, त्यात वेळ जातो. गेटवे स्वतः बघायला पंधरा मिनिटे पुरतात. जॉर्ज विटेटने आखलेली ही कमान १९२४ साली पुरी झाली, आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी हिच्याखालूनच परत गेली. बोटीचे तिकीट जाऊन-येऊन मिळते. परतीचा अर्धा भाग पाकिटात नीट ठेवा, तो हरवला की पुन्हा पैसे. वरच्या डेकवर बसायचे थोडे जादा पैसे घेतात. मुलांना तिथून गोदी, नौदलाची जहाजे आणि तेलाचे धक्के दिसतात. पण कुणाला बोट लागत असेल तर त्याने खालच्या डेकवर मध्यभागी बसावे, तिथे हेलकावे कमी जाणवतात. पोट अगदी रिकामे नको आणि तुडुंब भरलेलेही नको. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि घालूनच बसा, मुलांचा आकार वेगळा असतो तो मागा. गरमी होते म्हणून शेजारच्याने काढले तरी तुम्ही काढू नका.

तासाभरात बेट येते. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत लहानशी आगगाडी आहे. मुलांसाठी गंमत आणि सासूबाईंसाठी गरज, तिचे तिकीट काढाच. पुढे सुमारे १२० पायऱ्या. चढण अंगावर येणारी नाही, पण गुडघ्यांना पुरे आहे. खाली डोलीवाले असतात. भाव बसण्याआधी ठरवा, आणि तो चढण्या-उतरण्याचा मिळून की एकाच बाजूचा हे स्पष्ट विचारा. भांडणे होतात ती इथेच. पायऱ्यांच्या दुतर्फा माळा, टोप्या, मूर्तींची दुकाने आहेत. खरेदी उतरताना करा, नाहीतर ओझे वरपर्यंत वाहावे लागेल. ग्रामपंचायतीचा किरकोळ कर आणि पुरातत्त्व खात्याचे माणशी ४० रुपयांचे तिकीट, पंधरा वर्षांखालील मुलांना लेण्यांचे तिकीट नाही.

मुख्य लेणे एक नंबरचे. बहुतेक लोक आत शिरून थेट त्रिमुखी सदाशिवासमोर जातात, फोटो काढतात आणि पाच मिनिटांत बाहेर पडतात. तसे नको. सहाव्या शतकाच्या सुमाराचे हे लेणे बाजूच्या भिंतींवरून बघत गेले की कथा उलगडते: नटराज, अंधकासुराचा वध, शिवपार्वतीचा विवाह, गंगावतरण, अर्धनारीश्वर, कैलास हलवणारा रावण. दक्षिणेच्या भिंतीतला अठरा-वीस फुटी सदाशिव शेवटी ठेवा. बऱ्याच मूर्तींचे हातपाय तुटलेले आहेत ते पाहून मुले विचारतीलच. पोर्तुगीज काळात यांची मोडतोड झाली. बाकीची लेणी अर्धवट किंवा साधी आहेत, ती वगळली तरी चालते. डोंगरावर जुन्या तोफा आहेत, पण तिथवर आणखी चढण आहे. बाप-लेकाने जावे, बाकीच्यांनी सावलीत बसावे.

माकडांपासून सांभाळा. हातात प्लास्टिकची पिशवी किंवा बाटली दिसली की ती हिसकावतात, खाऊ असो वा नसो. सगळे पाठीवरच्या बंद बॅगेत, आणि मुलीच्या हातात काही देऊ नका. परतीच्या बोटी संध्याकाळपर्यंत आहेत, पण शेवटच्या बोटींना झुंबड उडते. दीड-दोनच्या बोटीने निघालात तर तीनपर्यंत गेटवे आणि साडेतीनला लॉजवर. पूर्ण फेरीला सहा तास धरा. संध्याकाळी कुणात दम उरला तर क्रॉफर्ड मार्केटकडे म्हणजे महात्मा फुले मंडईकडे चक्कर. कापडाची खरेदी असेल तर शनिवारीच करा, शेजारचे मंगळदास मार्केट रविवारी बंद असते.

रविवारी सकाळी सगळ्यांनी एकत्र फिरायलाच हवे असे नाही. सासूबाईंना सिद्धिविनायक घडवायचे असेल तर त्यांनी आणि मुलाने, म्हणजे तुमच्या ह्यांनी, सकाळीच निघावे, आणि तुम्ही मुलांना थोडे झोपू द्यावे. भुयारी मेट्रो-३ ही आता कफ परेडपासून आरेपर्यंत धावते, तिचे सीएसएमटीला स्टेशन आहे आणि सिद्धिविनायकालाही. गाडी बदलावी लागत नाही, लिफ्ट आणि सरकते जिने आहेत, भाडे अंतराप्रमाणे १० ते ७० रुपये. गुडघे दुखणाऱ्या माणसाला लोकलपेक्षा हीच बरी. तिकीट वर रस्त्यावर असतानाच मोबाइलवर काढा किंवा खिडकीवर घ्या, जमिनीखाली रेंज मिळेलच असे धरून चालू नका. रविवारची पहिली गाडी किती वाजता आहे ते आदल्या दिवशी स्टेशनातच विचारून ठेवा.

साडेनऊ-दहाला सगळ्यांनी राणीबागेत भेटायचे. भायखळा हे सीएसएमटीहून तिसरे स्टेशन, लोकलने दहा मिनिटे. पूर्वेला उतरायचे. रविवारी दुपारनंतर तिथे जत्रा असते, म्हणून सकाळच हवी. आत शिरल्यावर आधी पेंग्विनकडे जा, रांग तिथेच लागते. वाघ, बिबळ्या आणि पक्ष्यांचा मोठा पिंजरा त्यानंतर. आईवडील आणि दोन मुले यांचे एकत्र कौटुंबिक तिकीट मिळते, खिडकीवर तेच मागा. बाहेर भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बागेत एक मोठा दगडी हत्ती उभा आहे. हाच तो घारापुरीचा हत्ती, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिले. बेटावर तो आता नाही, एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी तो हलवला. शनिवारी बेट आणि रविवारी हत्ती, हा क्रम मुलांच्या लक्षात राहतो.

म्हातारीचा बूट हवाच असेल तर राणीबाग दोन तासांत आवरून टॅक्सीने मलबार हिलला जा. हा बूट ज्या कमला नेहरू पार्कमध्ये आहे, त्याच्या मागे झाडांच्या उंचीवरून जाणारी लाकडी पायवाट २०२५ मध्ये सुरू झाली आहे. तिचे तिकीट वेळ निवडून ऑनलाइन काढावे लागते आणि सुट्टीच्या दिवशीच्या वेळा आधीच भरतात. पण राणीबाग आणि मलबार हिल दोन्ही त्याच दिवशी केले तर बदलापूरला पोचायला अंधार होईल. दोन्हींपैकी एक निवडा. सात वर्षांच्या मुलीसाठी माझे मत राणीबागेला.

आता लोकल. तिची भीती बाळगायचे कारण नाही, पण नियम आधी माहीत हवेत.

तिकीट स्टेशनात शिरण्याआधी. सेकंड क्लासचे किमान भाडे ५ रुपये, ५ ते १२ वर्षांच्या आतील मुलांना अर्धे. म्हणजे मुलीला अर्धे, मुलाला पूर्ण. दिवसभर चढ-उतार असेल तर १, ३ किंवा ५ दिवसांचे टुरिस्ट तिकीट मिळते, पण तुमच्या बेतात लोकलचा प्रवास इतका नाही की ते परवडावे. बाहेरगावच्या माणसाची हमखास होणारी चूक म्हणजे मोकळा डबा दिसला म्हणून फर्स्ट क्लासमध्ये चढणे. दोन्ही डबे बाहेरून सारखेच दिसतात. दाराशेजारी तिरपे रंगीत पट्टे आणि 'फर्स्ट क्लास' अशी पाटी बघा. टीसीने पकडले तर भाड्यातला फरक आणि वर किमान २५० रुपये माणशी.

फलाटावरच्या इंडिकेटरवर गाडी कुठे जाणार, किती वाजता आणि जलद की धीमी हे येते. मध्य रेल्वेवर जलद गाडी भायखळा, दादर, कुर्ला, घाटकोपर, ठाणे अशी मोजक्याच ठिकाणी थांबते. चुकीच्या गाडीत बसलात तर घाबरू नका, पुढच्या थांब्यावर उतरून उलटी धीमी धरा. दादरला फलाटांचा घोळ पूर्वी फार होता, दोन्ही रेल्वेंचे आकडे एकपासूनच सुरू व्हायचे. डिसेंबर २०२३ पासून पश्चिम रेल्वेचे १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४ असे सलग आहेत.

गाडी फलाटावर अर्धा मिनिटही थांबत नाही. उतरायचे स्टेशन येण्याच्या एक स्टेशन आधी उठून दाराकडे सरका, आणि फलाट कोणत्या बाजूला येतो ते शेजाऱ्याला विचारा. कुणीही सांगते. चढताना आधी मुले, मग सासूबाई, शेवटी एक मोठा माणूस. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे चुकामूक झाली तर काय करायचे हे घरीच ठरवून या: जो फलाटावर राहिला त्याने तिथेच उभे राहायचे, जागा सोडायची नाही. जे गाडीत गेले त्यांनी पुढच्याच स्टेशनवर उतरून परत यायचे. दोघेही एकमेकांना शोधायला निघाले की तासभर जातो. मुलांच्या खिशात दोघांचे फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या, मुलाला पाठ असले तरी. धावती गाडी कधीच पकडायची नाही, पाच मिनिटांत दुसरी येते.

रविवारी मेगाब्लॉक असतो. रूळ, तारा, सिग्नल यांच्या कामासाठी साधारण सकाळी दहा-अकरापासून दुपारी चारपर्यंत काही मार्ग बंद ठेवतात, गाड्या वळवतात किंवा रद्द करतात. कुठल्या टप्प्यात आहे ते शनिवारच्या पेपरात येते. भायखळ्याला जाताना त्याने फार बिघडत नाही, बदलापूरला जाताना बिघडू शकते.

टॅक्सी-रिक्षाचा एक भेद लक्षात ठेवा. रिक्षा वांद्रे आणि सायनच्या अलीकडे, म्हणजे दक्षिणेला, चालतच नाहीत. तुमच्या तीनही दिवसांत फक्त काळी-पिवळी टॅक्सी, अ‍ॅपची गाडी किंवा बेस्टची बस. टॅक्सीचे मीटर पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपयांपासून सुरू होते. मीटर टाकायला सांगा, नाही म्हणाला तर दुसरी. तिच्यात चारच माणसे बसवतात. तुम्ही पाच. मुलगी लहान म्हणून एखादा घेईल, पण त्यावर विसंबू नका. सहा आसनी गाडी अ‍ॅपवरून मागवा नाहीतर दोन गट करा. फोर्ट भागात जवळच्या अंतराला बस उत्तम, बिगर-एसीचे किमान भाडे १० रुपये.

यादीतून काय कापायचे ते थोडक्यात. तारापोरवाला मत्स्यालय बंद आहे आणि एस्सेल वर्ल्डही बंद झाले, जुन्या ओळखीच्यांनी सांगितले म्हणून शोधत जाऊ नका. जुहू, फिल्मसिटी आणि नटांचे बंगले हा उत्तरेचा पट्टा आहे. बंगल्याच्या फाटकापलीकडे काही दिसत नाही आणि त्यासाठी अर्धा दिवस जातो. नॅशनल पार्क आणि कान्हेरीला स्वतंत्र दिवस हवा, तो पुढच्या खेपेला. महालक्ष्मीचे देऊळ करायचे असेल तर महालक्ष्मी स्टेशनवर उतरून लगेच देऊळ दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका, दोन्हींत चालत जाण्याजोगे अंतर नाही, टॅक्सी करावी लागते. हाजी अलीची वाट भरतीला पाण्याखाली जाते, जाण्याआधी भरतीची वेळ बघा. सी लिंक लांबूनही छान दिसतो.

खाण्याची चिंता नको. एवढेच, की एखादे जेवण मुंबईच्या मराठी हॉटेलात करा. दादरला शिवसेना भवनाजवळच्या आस्वादमध्ये थालीपीठ-मिसळ, गोखले रोडवरच्या प्रकाशमध्ये साबुदाणा वडा. रविवारी दर्शन उरकून सासूबाई आणि ह्यांना तिथून टॅक्सीने दादरला नाश्ता करता येईल, मात्र रविवार सकाळी दाराबाहेर थांबावे लागते. बाटलीबंद पाणी रोज विकत घेण्यापेक्षा लॉजवरून भरून घ्या.

आणि आता नणंदेचे घर. रविवारी दुपारी जेवून लॉज सोडा आणि साडेतीन-चारच्या सुमारास सीएसएमटीहून बदलापूरला निघा. सीएसएमटी हे सुरुवातीचे स्टेशन, गाडी काही मिनिटे उभी असते. सामानासह बसायला तिथेच सोपे, मधल्या स्टेशनवर नाही. बदलापूर, कर्जत किंवा खोपोली या तीनच गाड्या तुमच्या. कल्याणनंतर रूळ दोन दिशांना फुटतात. टिटवाळा, आसनगाव, कसारा असे इंडिकेटरवर आले तर बसू नका, त्या गाड्या दुसरीकडे जातात. अंबरनाथ आले तरी नको, ती एक स्टेशन आधीच संपते.

परतीच्या देवगिरीचे आरक्षण सीएसएमटीवरूनच करा, पण बोर्डिंग स्टेशन कल्याण टाका. हे तिकीट काढतानाच निवडायचे. नंतर आठवले तर बदलता येते, पण अगदी शेवटच्या क्षणी नाही. न बदलता कल्याणला चढलात तर सीएसएमटीनंतर तुम्ही आला नाहीत असे धरून टीसी तुमचे बर्थ दुसऱ्याला देऊ शकतो. बदलापूरहून कल्याण लोकलने वीसेक मिनिटे. नणंदेकडे चहा, गप्पा, रात्रीचे जेवण होईल आणि गाडीच्या वेळेआधी तासभर कल्याणला पोचता येईल. कल्याणला लांब पल्ल्याच्या गाडीचा फलाट ऐनवेळी बदलतो. घोषणा ऐकू येईल अशा ठिकाणी, पुलाच्या जवळ सासूबाईंना बसवा आणि फलाट नक्की झाल्यावरच त्यांना जिना चढायला लावा.